दखल न घेणारा पाहुणा

आर्थर सी. क्लार्क यांच्या 'राँदेव्हू विथ रामा' या कादंबरीविषयी वाचकांची एक तक्रार ठरलेली आहे. परग्रहवासीयांची गोष्ट म्हणून पुस्तक हातात घ्यावे, शेवटच्या पानापर्यंत जावे, आणि परग्रहवासी एकही भेटू नये! लग्नाला जाऊन नवरा-नवरी न पाहता परतल्यासारखे वाटते, असे माझ्या एका वाचकमित्राचे म्हणणे. १९७३ साली आलेल्या या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले, तरी ही तक्रार पन्नास वर्षे टिकून आहे. दुसरी तक्रार पात्रांची. माणसे पुठ्ठ्याची आहेत, म्हणतात. दुसरी मला बव्हंशी मान्य आहे. पहिली अजिबात नाही. परग्रहवासी न दिसणे हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो विषय क्लार्क यांनी जितका नेटाने पेलला तितका त्यांच्या आधी कुणी पेललेला मला तरी आढळत नाही.

मराठी वाचकाची तिसरीही एक तक्रार असते, ती आधी निकालात काढू. नाव वाचून रामायण शोधायला जाऊ नये. कादंबरीतल्या बाविसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांनी ग्रीक आणि रोमन देवदेवता लघुग्रहांना वाटून संपवल्या आहेत, आता हिंदू देवतांची पाळी आली आहे आणि यादीत पुढचे नाव राम आहे, एवढाच काय तो संबंध. क्लार्क १९५६ पासून सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत राहत होते आणि २००८ साली कोलंबोतच वारले. लंकेत बसून एका अजस्र यानाचे नाव राम ठेवताना त्यांना थोडे हसू आले असावे, हा माझा निव्वळ तर्क. तिथल्या मातीची खूण मात्र पुस्तकात आहे. रामाविषयी सल्ला देणाऱ्या समितीतला परग्रहजीवशास्त्रज्ञ पेरेरा आडनावाचा आहे, आणि मंगळाचे राजदूत आहेत डॉ. बोस.

गोष्ट थोडक्यात अशी. ११ सप्टेंबर २०७७ या दिवशी उत्तर इटलीवर एक उल्का कोसळते, पादुआ आणि व्हेरोना नष्ट होतात, व्हेनिस समुद्रात जाते. पुन्हा असे होऊ नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी 'स्पेसगार्ड' नावाची यंत्रणा उभी राहते. (हे नाव पुढे कल्पनेतून वास्तवात आले. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा पद्धतशीर शोध घ्यावा, असे सुचवणारा नासाचा १९९२ चा अहवाल याच नावाने ओळखला जातो, आणि ते नाव या कादंबरीतून घेतले आहे.) त्यानंतर पन्नासेक वर्षांनी या पहाऱ्याला सूर्यमालेबाहेरून येणारा एक पदार्थ दिसतो. लघुग्रह समजून पाहायला जावे तर ती निघते एक घोटीव वृत्तचिती, सुमारे पन्नास किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेणारी. 'एन्डेव्हर' यानाचा कप्तान नॉर्टन आपल्या माणसांना घेऊन आत शिरतो. आत अंधार आणि गोठलेला समुद्र आहे. मग दिवे लागतात, समुद्र वितळतो, वादळ होते, यंत्रासारखे जीव कामाला लागतात. नंतर सगळे पुन्हा मिटते. रामा सूर्याजवळून जाताना त्याच्याकडूनच काहीतरी भरून घेतो, वळतो आणि मोठ्या मॅगेलनी मेघाच्या दिशेने निघून जातो. आपल्यासाठी तो आलेला नव्हता. वाटेत सूर्य लागला, म्हणून थांबा घेतला, इतकेच.

माझा मूळ उद्योग बारवा आणि वीरगळ नोंदवण्याचा. तोही कुठल्या विद्यापीठात शिकलेला नाही, पायी हिंडून आणि मिळेल ते वाचून जमवलेला. या कामात एक सवय लागते. शिलालेख नसलेली बारव समोर असली की बांधणाऱ्याचे नाव, जात, राजवट यांविषयी गावात दहा कथा ऐकायला मिळतात. बारव स्वतः सांगते ते वेगळेच असते. मोटेच्या दोराने धावेच्या दगडाला पडलेली खाच किती खोल, पायऱ्या कुठल्या बाजूने जास्त झिजल्या, उन्हाळ्यातले पाणी कुठवर उतरत असावे. करणारा नाही, केलेले समोर आहे, तर आपण किती बोलावे? क्लार्क यांची कादंबरी मला याच प्रश्नाची कादंबरी वाटते.

उदाहरण म्हणून रामातला समुद्र घ्या. वृत्तचितीच्या मध्यावर आतल्या भिंतीला कंबरपट्ट्यासारखा वेढा घातलेला दहा किलोमीटर रुंदीचा पाण्याचा पट्टा. उत्तरेच्या काठाचा कडा पन्नास मीटर उंच, दक्षिणेचा पाचशे. हा फरक का? सौंदर्यासाठी, संरक्षणासाठी, की देवासाठी? आपल्याकडच्या एखाद्या स्थानिक इतिहासकाराने यावर तीन पिढ्या पुरेल एवढी दंतकथा रचली असती. कादंबरीतले उत्तर साधे आहे, आणि म्हणून थरारक. यान उत्तरेच्या दिशेने वेग घेईल तेव्हा पाणी दक्षिणेकडे चढेल. बस सुटली की उभे उतारू मागे कलतात, तसे. मग पाणी सांडू नये म्हणून दक्षिणेची भिंत उंच. म्हणजे हे यान वेग वाढवू शकते. म्हणजे त्याला इंजिन आहे. म्हणजे ते मेलेले नाही. एका भिंतीच्या उंचीतून एवढे निघते, आणि या सगळ्या वाटेत बांधणारे कोण होते याविषयी एक अक्षरही जास्तीचे बोलले जात नाही.

क्लार्क वाचकाकडूनही हेच करवून घेतात. आकडे देतात आणि गप्प राहतात. मी एका संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. आतल्या पोकळीची त्रिज्या आठ किलोमीटर आणि फेरीला २४० सेकंद घेतले, तर आतल्या जमिनीवर उभ्या माणसाचे वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या साधारण ५६ टक्के भरते. अक्षावर वजन शून्य, आणि तिथून खाली उतरावे तसतसे ते अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. जिन्याच्या मध्यावर २८ टक्के. नॉर्टनची माणसे तो प्रचंड जिना उतरतात तेव्हा सुरुवातीला कठड्यावरून घसरत जातात, पुढे पाय टाकावा लागतो, परतीच्या चढाला दम लागतो. हे सारे या एका गुणोत्तरातून आले आहे. जिना वर्तुळाच्या आतून वळत जातो, त्यामुळे खाली कुठे आणि वर कुठे हे माणसाला मनानेच ठरवावे लागते. आपण डब्याच्या तळाशी उभे आहोत असे मानायचे, की विहिरीच्या काठावर लटकलो आहोत असे? चुकीचे मानले तर भोवळ येते. बारवेत पहिल्यांदा उतरणाऱ्या शहरी मुलांना मी हेच होताना पाहिले आहे.

आता परग्रहवासीयांकडे. एच. जी. वेल्स यांनी १८९८ मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'मध्ये मंगळावरचे शत्रू आणले आणि तेव्हापासून परके येतात ते आपल्यासाठीच येतात, हे जवळपास गृहीत धरले गेले. ते आपल्याला मारायला येतात, शिकवायला येतात, वाचवायला येतात. क्लार्क स्वतः या गृहीताचे मोठे वतनदार होते. 'चाइल्डहूड्स एंड' (१९५३) मध्ये परके मानवजातीचे पालक होऊन बसतात. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मध्ये तर त्यांनी ठेवलेला काळा शिलाखंड वानराचा माणूस करतो. दोन्हींत माणूस विश्वाच्या लेखी कुणीतरी आहे. रामामध्ये क्लार्क यांनी आपल्याच वतनावर पाणी सोडले. येथे माणूस कुणीच नाही. शत्रूने मारावे यातही एक मान असतो. निदान त्याने तुम्हाला पाहिलेले तरी असते.

त्याच सुमारास हाच विचार दुसरीकडेही झाला, हे नोंदवायला हवे. १९७२ मध्ये रशियात अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांची 'रोडसाइड पिकनिक' प्रसिद्ध झाली. रस्त्याकडेला सहलीची गाडी थांबावी, लोकांनी खाऊन-पिऊन उष्टे, बाटल्या, तेलाचे डाग टाकून निघून जावे, आणि मग झाडीतले प्राणी घाबरत घाबरत बाहेर येऊन त्या कचऱ्याचा वास घेत बसावेत. परके आपल्याकडे तसे येऊन गेले, अशी त्यातली कल्पना. इंग्रजी अनुवाद १९७७ चा, म्हणजे रामा त्यानंतरचा नाही. दोन टोकांच्या दोन व्यवस्थांत, वर्षभराच्या अंतराने, एकच बोचरी शंका दोन पुस्तकांना शिवली. स्त्रुगात्स्की बंधूंची कादंबरी साहित्य म्हणून अधिक मोठी आहे, यात मला शंका नाही. तिच्यात गरज, चोरी, दारू, बापलेकीचे दुःख आहे. क्लार्क यांच्याकडे ते नाही. पण स्त्रुगात्स्कींच्या माणसांना निदान कचरा मिळतो, तो विकता येतो. रामा तोही ठेवून जात नाही.

नेमके किती हाती लागते, ते पाहा. जिमी पाक नावाचा तरुण पायाने चालवायच्या हलक्या विमानातून समुद्रापलीकडे जातो, तिथे कोसळतो, आणि परत येताना एक फूल तोडून आणतो. दुसरीकडे 'लंडन' असे नाव दिलेल्या इमारतींच्या समूहात लेझरने भिंत कापून माणसे आत घुसतात. तिथे पारदर्शक खांबांत वस्तूंच्या त्रिमित प्रतिमा साठवलेल्या असतात, एखाद्या कारखान्याच्या नमुना-वहीसारख्या. त्यांत एक पेहराव दिसतो. तो घालणाऱ्याला तीन हात असावेत असे त्यावरून कळते. संपले. अख्ख्या पुस्तकात परग्रहवासी एवढाच भेटतो, न घातलेल्या कपड्याच्या चित्रातून. माझ्या मते विज्ञानकथेतले परक्याचे हे सर्वांत प्रामाणिक चित्र आहे.

येथे एक गोष्ट खटकते, आणि ती मी सोडणार नाही. कप्तान नॉर्टन हा जेम्स कुकचा भक्त आहे. त्याच्या यानाचे नाव कुकच्या जहाजावरून आलेले आहे, आणि अडचणीच्या वेळी कुकने काय केले असते, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. क्लार्क यांना त्यात धैर्य, शिस्त आणि नम्रता दिसते. पण कुकच्या प्रवासातला एक प्रसंग त्यांनी वापरला नाही, जो या कादंबरीला अगदी चपखल बसला असता. एप्रिल १७७० मध्ये ते जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पुढे बॉटनी बे म्हणून ओळखल्या गेलेल्या खाडीत शिरले, तेव्हा होड्यांतून मासे मारणाऱ्या तिथल्या लोकांनी जहाजाकडे जवळपास पाहिलेच नाही. जोसेफ बँक्सने रोजनिशीत तशी नोंद केली आहे. एवढे मोठे गलबत पाव मैलावरून जाते आणि कोळी मान वर करत नाही! इंग्रज गोंधळले. थोड्याच वेळात ते किनाऱ्यावर उतरू लागले, दोन माणसांनी भाले घेऊन वाट अडवली, आणि बंदुका झाडल्या गेल्या.

हा प्रसंग रामाशेजारी ठेवला की कादंबरी फिरते. रामात शिरणारी माणसे स्वतःला कुक समजत आहेत. प्रत्यक्षात गलबत रामा आहे, आणि आपण किनाऱ्यावर. पण दखल न घेणारेही ते, आणि न विचारता आत घुसून फूल तोडणारे आपणच. दोन्ही भूमिका एकमेकांत मिसळतात. क्लार्क यांना हे दिसले होते का? कुकचा शेवट हवाईच्या किनाऱ्यावर १४ फेब्रुवारी १७७९ रोजी झाला, हे त्यांच्यासारख्या समुद्रप्रेमी माणसाला ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही नॉर्टनच्या भक्तीला ते एकही प्रश्न विचारू देत नाहीत. गुरुत्वाचा हिशेब दशांशापर्यंत आणि साम्राज्याचा हिशेब शून्य, हे या पुस्तकातले न्यून आहे.

अशीच आणखी एक जागा. एन्डेव्हरवर 'सिम्प' नावाचे सुधारित चिंपांझी आहेत. घरकाम करावे, माणसांचा वेळ वाचवावा, यासाठीच पैदास केलेले. प्राणवायू कमी पडायची वेळ आली तर त्यांना वेदना न होता मारण्याची सोय वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आहे. हे सारे दोन-तीन परिच्छेदांत, प्रसन्न सुरात येते आणि जाते. पुढे रामामध्ये 'बायॉट' दिसतात. कचरा उचलणारे, मोडके तोडून नेणारे, कामापुरते जन्मलेले आणि काम संपल्यावर समुद्रात विरघळून जाणारे. दोन संस्कृती, दोघींनीही आपापले गडी जन्माला घालून घेतलेले. एवढा मोठा आरसा लेखकाने भिंतीला टांगला आणि त्यात कुणालाही पाहू दिले नाही. स्त्रियांविषयी तर न बोललेले बरे. बिनवजनी अवस्थेत बायकांचे शरीर पाहून पुरुषांचे लक्ष विचलित होते, असली शेरेबाजी आज वाचवत नाही, आणि ती १९७३ मध्येही चांगली नव्हतीच. नॉर्टनला पृथ्वीवर एक आणि मंगळावर एक अशा दोन बायका आहेत, आणि दोघींना एकच संदेश पाठवता येईल असा तो बेतून बोलतो. लेखकाला यात गंमत वाटते. मला त्या दोघींची गोष्ट वाचायला आवडली असती.

मग एवढे असूनही हे पुस्तक दर दोन-चार वर्षांनी मी का काढतो? उत्तर बॉम्बच्या प्रकरणात आहे. बुधावरच्या वसाहतीतले लोक रामाला धोका समजून त्याच्या दिशेने अण्वस्त्र सोडतात. एन्डेव्हरवर बोरिस रॉड्रिगो नावाचा अधिकारी आहे, श्रद्धाळू, मितभाषी. तो कप्तानाकडे जातो आणि सांगतो की हे निकामी करता येईल. युक्तिवाद दोन्ही बाजूंना आहे. रामा खरोखर घातक असेल तर? नॉर्टन विचार करतो आणि परवानगी देतो. रॉड्रिगो एकटा जाऊन वायरी कापून येतो. ज्यांच्यासाठी हे केले, त्यांना ते कधीच कळणार नाही. कळले असते तरी त्यांनी मान वर केली असती, असे पुस्तकात कुठेच सूचित होत नाही. मानवी पात्रे पुठ्ठ्याची आहेत म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. इथे पुठ्ठा भिजतो.

पुढच्या भागांविषयी थोडक्यात. १९८९ पासून क्लार्क आणि जेंट्री ली यांच्या नावावर तीन उत्तरखंड आले. त्यांत परके दिसतात, बोलतात, उद्देश कळतो, शेवटी सगळ्याचा उलगडाही होतो. पहिल्या पुस्तकाने जे कमावले ते या तिन्हींनी मिळून खर्चून टाकले. ज्यांना पहिल्यात नवरा-नवरी दिसले नाहीत, त्यांनी ते जरूर वाचावेत.

१९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला पदार्थ दिसला, तेव्हा रामा हे नाव पुन्हा चर्चेत आले. हवाईच्या भाषेतले 'ओमुआमुआ' हे नाव त्याला पडले. लांबुळका असावा, असे त्याच्या कमीजास्त होणाऱ्या तेजावरून दिसत होते. सूर्यापासून दूर जाताना त्याचा वेग केवळ गुरुत्वाने समजावता येईना, आणि धूमकेतूसारखी शेपटीही दिसेना. डिसेंबरमध्ये ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने त्याच्याकडे कान लावला. काही ऐकू आले नाही. हार्वर्डचे अवी लोएब यांनी तो परक्यांनी बनवलेला पातळ पडदा असू शकेल असे मांडले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलेले नाही, आणि नैसर्गिक कारणे सुचवणारे शोधनिबंध येत राहिले. मला लोएब यांच्या धाडसाविषयी आदर आहे, पण त्यांच्या लिखाणात गावातल्या दहा कथांचा सूर ऐकू येतो. त्यांच्या हाती समुद्राचा कडा नव्हता, फक्त लुकलुकता ठिपका होता. नॉर्टनची समिती पन्नास किलोमीटर लांबीचा पुरावा डोळ्यांपुढे असताना जितके बोलली, त्याहून जास्त आपण एका ठिपक्यावर बोललो.

त्यानंतर २०१९ मध्ये बोरिसोव्हचा धूमकेतू आला, आणि १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला तिसरा पाहुणा सापडला. रामाचे लोक सर्व काही तीनच्या पटीत करतात, हे कादंबरीच्या शेवटाशी येणारे सूत्र आठवून वाचकमित्रांचे फोन आले. क्लार्क यांनी ते वाक्य पुढचे भाग लिहायच्या हेतूने टाकले नव्हते, नंतर सुचलेली भर होती ती, हे मी प्रत्येकाला सांगितले. एकाने विचारले, मग या तिसऱ्यात कुणी असेल का? मी त्याला समुद्राचे प्रकरण वाचायला सांगितले आणि दोन्ही कड्यांची उंची लिहून ठेवायला.